रुखमाच्या चंचीतल्या गोळ्या

लाखांदूरच्या बसस्टँडसमोर धनंजयचं मेडिकल आहे. हा धनंजय चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला. पाढ्यांत कच्चा होता. आज पंचेचाळिशी ओलांडली तरी मी दुकानात शिरले की अजून खुर्चीवरून उठतो. दुकानापुढे एक लाकडी बाक आहे आणि निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ त्या बाकावर जाते. घरी बसून भिंतींना शिकवण्यापेक्षा ते बरं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी न मागता सल्ला देते, त्यावर धनंजय मागे वळून हसतो, हेही मला ठाऊक आहे.

दवाखान्यात नंबर लावायचा म्हणजे अख्खा दिवस मोडतो. म्हणून अर्धा तालुका आधी धनंजयला विचारून पाहतो. पुरुष मोठ्यानं विचारतात, पोट सकाळी साफ झालं की नाही तेसुद्धा चारचौघांत सांगतात. बायका मात्र काउंटरवरचे पुरुष पांगायची वाट बघत उभ्या राहतात. नाहीच पांगले, तर "भाऊ, डोकं दुखते, गोळी द्या" म्हणतात आणि बस पकडतात. आमच्याकडच्या बायकांना गळ्याखाली काही दुखतच नाही, सगळं काय ते डोक्यात. मी तरी कोणती वेगळी? तीन वर्षांपासून मला लघवीला जळजळ होते. त्यावरच्या औषधाची बाटली मी दर महिन्याला नेते, पण शेजारणीच्या नावावर.

"बाई, तुमच्या शेजारणीले एकदा डॉक्टरले दाखवा ना," धनंजय दर वेळी म्हणतो.

"सांगते हो तिला," मी दर वेळी म्हणते.

या बाकावरच माझी रुखमाशी ओळख झाली. नदीपलीकडच्या गावची, पन्नाशीची, काळीसावळी आणि काटक बाई. दर दुसऱ्या बाजाराला यायची. पदराच्या गाठीत गोळ्यांचा रिकामा चंदेरी पत्ता बांधलेला असायचा. तो सोडून काउंटरवर ठेवायची आणि म्हणायची, "हेच द्या भाऊ. सारं खाल्लं, पाहून घ्या." पास झालेलं प्रगतिपुस्तक दाखवावं तशा ठसक्यात.

रुखमाचं खरं राज्य रोवणीत. भाताचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, उपटून बांधीत, चिखलाच्या वाफ्यात, लावायचे, दीड-दोन महिने, पाठ वाकवून, दिवसभर. तिच्या हाताखाली बावीस बायका होत्या. कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी जायचं ते रुखमा ठरवणार, आणि मोठमोठे शेतकरी तिच्या अंगणात येऊन "रुखमाबाई, आमची बांधी आधी धरा" म्हणत उभे राहणार. रांगेत तिची जागा डाव्या टोकाला. तिचा हात चालेल तसा बाकीच्यांचा चालायचा. नवरा जागेश्वर शांत माणूस, बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, मासे धरायचा आणि घरी स्वयंपाकही करून ठेवायचा. "रोवन्याचे दिवस मंजे मीच घरचा मानूस," असं ती हसून सांगायची, आणि मला ती बाई फार आवडायची.

चैत्रात तिला प्रेशर निघालं. एकशे ऐंशी. लाखांदूरच्याच डॉक्टर हर्षाबाईंनी गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. ज्येष्ठापर्यंत आकडा एकशे चाळीसवर आला. धनंजय खूश, मी खूश. आषाढात रोवणी सुरू झाली आणि आकडा पुन्हा एकशे चौऱ्याहत्तर.

धनंजयकडे प्रेशर मोजायचं मशीन आहे. त्यानं दोनदा पट्टा बांधला, दोनदा तेच.

"मावशी, लोणचं खाऊन राहिल्या ना तुम्ही?"

"थोडंसं."

झालं! धनंजयला गुन्हेगार सापडला. नव्या आंब्याच्या लोणच्यावर त्यानं दहा मिनिटं घेतली, पुढची दहा पापडावर मी घेतली. रुखमा मान हलवत राहिली. मग धनंजयनं त्याच्या सवयीप्रमाणे माठातून ग्लास भरून पुढे केला. त्याच्या दुकानातून कोणी पाणी न पिता जात नाही, उन्हातून आलेला तर नाहीच.

"पानी नको भाऊ, बस निघते," म्हणत रुखमा गेलीसुद्धा. बस सुटायला अजून पाऊण तास होता. मी पाहिलं, ती स्टँडवर जाऊन बसून राहिली. पण त्याचा अर्थ काय, असा प्रश्न मला पडला नाही. एकतीस वर्षं मुलांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखणारी मी, आणि लोणच्यावर बोलत बसले.

पुढच्या खेपेला एकशे ब्याऐंशी. धनंजयनं तिला हर्षाबाईंकडे पाठवलं. तिथून परत आली ती चेहरा पाडून. चिठ्ठीवर काय होतं ते तिनंच सांगितलं. पंधरा दिवसांत प्रेशर उतरलं नाही तर रोवणी बंद, घरी बसायचं.

"मी घरी बसलो तं बाया फुटतीन, बाई," ती मला म्हणाली. "अन् मी कोन राहीन मंग?"

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीही हेच स्वतःला विचारलं होतं, आणि मग या बाकावर येऊन बसले होते.

पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी ती बसमधून उतरली आणि सरळ रेषेत चालेना. मी उठून तिचा हात धरला, बाकावर बसवलं. ओठांना पापुद्रे आले होते. दुकानात गर्दी होती, सात-आठ पुरुष काउंटरला टेकलेले. बसता बसता तिच्या कमरेची पानसुपारीची चंची सुटून खाली पडली. सुपारीची खांडं आणि चुन्याची डबी बाहेर आली, आणि त्यांच्यामागून पांढऱ्या गोळ्या. पायरीवरून टपटप उतरत त्या रस्त्यापर्यंत गेल्या.

धनंजय काउंटरबाहेर आला. एक गोळी उचलून त्यानं निरखली आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"मावशी, ह्या माझ्याच गोळ्या होत! रिकामे पत्ते आनून दाखवत होत्या ना मले? काढून काढून चंचीत भरून राहिल्या?"

"फेकल्या तं नाई ना," रुखमा पुटपुटली. "अवषद हाये ते. रोवना झाला का रोज दोन-दोन, तीन-तीन खाऊन साऱ्या पुऱ्या करीन मनलं."

धनंजयनं कपाळावर हात मारला. "मरान ना तुम्ही अशानं! सुटलेल्या गोळ्या मंग एकदम खात नसतेत! काहून नाई घेतल्या? कायले असं केलं?"

सगळे पुरुष आता वळून बघत होते. कोणी तरी हसलं. रुखमानं पदर पुढे ओढला.

"डोकं दुखे मनून," ती म्हणाली.

मीही तोंड उघडलंच होतं. माझ्याकडे भाषण तयार होतं, चांगलं खरमरीत. तेवढ्यात धनंजयनं भरून आणलेला पाण्याचा ग्लास मी तिच्यापुढे धरला आणि तिनं तो हातानं बाजूला सारला. अगदी हळूच. तसा ग्लास मी एकतीस वर्षं बाजूला सारला होता.

माझ्या शाळेत पाच मास्तर होते आणि मी एकटी बाई. संडास एकच, त्यात फुटके बाक भरून कुलूप लावलेलं. मागच्या बाजूला सपाट मैदान. मी सकाळी घरून निघताना जाऊन यायचे आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर. मधे घोटभर चहासुद्धा नाही. मास्तर म्हणायचे, बाईंना उपासाची भारी आवड. मीही हसायचे.

"धनंजय, तू आणि तुझं हे गिऱ्हाईक, जरा बाजूला व्हा," मी म्हटलं. मास्तरणीचा आवाज अजून तसाच आहे, ते पुरुष खरंच सरकले. रुखमाला घेऊन मी दुकानाच्या मागच्या खोलीत गेले, जिथे औषधांचे खोके असतात, आणि दार लोटून घेतलं.

"ती गोळी घेतली की सारखं जावं लागतं, हो ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डोळेच भरून आले तिचे.

"घंट्या-घंट्याले, बाई. पह्यले बांधाच्या धुऱ्यावर झाडं-झुडपं होते, पळसामांगं जाऊन बसू. आता ट्रॅक्टरसाठी सारं काढून टाकलं. इकडून तिकडं नुसतं पानीच पानी दिसते. एका धुऱ्यावर चिखलनीवाले, दुसऱ्या धुऱ्यावर पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकनारे पोट्टे. मी सकाळी सहाले घरून जाऊन येतो, मंग घरी येऊनच."

"आणि पाणी?"

"पानी पेतच नाई ना. कोनतीच बाई पेत नाई."

गुडघाभर पाण्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बावीस बायका, आणि घोटभर पाणी कोणी पीत नाही. मला राग आला. रुखमाचा नाही. लोणच्यावर घालवलेल्या त्या वीस मिनिटांचा आला, आणि कधीच कोणाला हे न सांगणाऱ्या माझा स्वतःचा आला.

"बाई, भाऊले नका सांगू," ती म्हणाली. "मले लाज वाटते."

"नाही सांगितलं तर तो तुला लोणचंच सोडायला लावेल," मी म्हटलं. ती रडता रडता हसली, आणि मान हलवली.

मी धनंजयला आत बोलावून दोन वाक्यांत सांगितलं. तो खाली बघत ऐकत होता. चौथीत सातचा पाढा चुकल्यावर असाच बघायचा.

"मीनं विचारलंच नाई," तो म्हणाला. "कोनती गोळी काय करते ते मले माहीत होतं, बाई. विचारलंच नाई." मग त्यानंच हर्षाबाईंना फोन लावला. त्यांनी रुखमाला लगेच बोलावलं, तपासलं आणि गोळी बदलून दिली. ही घेतल्यावर तसं धावावं लागत नाही, पण रोज घ्यायची, आणि पाणी मात्र भरपूर प्यायचं. चंचीतल्या गोळ्या धनंजयनं ठेवून घेतल्या. रोवणीसाठी आणखी पंधरा दिवसांची मुदत मिळाली, तीही भर दुपारच्या उन्हात न राबायच्या अटीवर.

गोळीचं झालं, पण पाणी प्यायचं तर जायचं कुठे? ते काही मेडिकलमध्ये मिळत नाही. तो सल्ला मी दिला. आयुष्यात दिलेल्या हजार सल्ल्यांपैकी तो एक बरा निघाला.

"रुखमा, तुझ्या बायकांशिवाय कोणाची बांधी लागते का?"

"नाई."

"मग अट घाल."

दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे रोवणी होती त्या लक्ष्मणरावांना तिनं अंगणातच सांगितलं, धुऱ्यावर चार बांबू आणि हिरवी जाळी गुंडाळून आडोसा पाहिजे, आणि त्या बाजूला पुरुषमाणूस फिरकायला नको. नाही तर बाया उतरणार नाहीत. लक्ष्मणराव आधी हसले. मग "आजवर कोनाले लागलं नाई, आता कायचे नखरे?" म्हणाले. रुखमा म्हणाली, "आजवर तुमी विचारलं कधी?" आणि पाठ फिरवून भाकरी थापायला बसली. पऱ्हे मोठे होऊन चालले होते आणि दुसरी टोळी मिळणार नव्हती. दुपारी जागेश्वर स्वतः बांबू कापून घेऊन शेतावर गेला. न बोलता, एकटाच खड्डे खणत होता म्हणे. ते बघून लक्ष्मणरावांनी जाळी पाठवली. चार दिवसांत तो आडोसा त्यांच्या शेतातून पुढच्या शेतात गेला. टोळीबरोबरच फिरायला लागला, खांबांसकट.

हे सगळं मला रुखमानंच सांगितलं, पुढच्या दुसऱ्या बाजाराला, पट्टा हाताला बांधलेला असताना. दुकानात त्या दिवशीही पुरुष होते. धनंजयनं आकडा वाचला, एकशे छत्तीस. पुन्हा वाचला आणि मशीन माझ्याकडे फिरवलं, जणू मी तपासून सही करणार होते. रुखमा उठली, स्वतः माठाकडे गेली, ग्लास भरला आणि उभ्यानं घटाघटा प्यायली. मग दुसरा भरला. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

"रोवना अजून आठ दिवस हाये," ती म्हणाली. "डाव्या टोकाले मीच हावो."

धनंजयनं तिची गोळी दिली. मग सवयीनं माझी बाटली काढून कागदात गुंडाळायला लागला.

"बाई, शेजारीण कशी हाये तुमची?"

काउंटरला चार पुरुष टेकले होते. त्यातला एक माझाच जुना विद्यार्थी. रुखमा ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिला मी अट घालायला लावली होती, गावासमोर, नवऱ्यासमोर, लक्ष्मणरावांसमोर.

"शेजारीण-बिजारीण कोणी नाही, धनंजय," मी म्हटलं. "ते औषध मीच घेते. तीन वर्षं झाली. लघवीचा त्रास आहे मला."

कोणी हसलं नाही. धनंजयनं गुंडाळलेला कागद सोडला, बाटली तशीच काउंटरवर ठेवली आणि फोन उचलून हर्षाबाईंचा नंबर शोधायला लागला. रुखमानं ग्लास माठाखाली धरून पुन्हा काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला.

"प्या बाई," ती म्हणाली. "मी येतो तुमच्यासंगं दवाखान्यात. बस गेली तं गेली."