चांदी गेली त्या दिवशी

माझ्या सासूबाई पैदाशीसाठी शेळ्या पाळतात. जी शेळी पिलांना पाजत नाही, तिला कळपात जागा नाही, हा त्यांचा नियम आहे. त्या दिवशी त्यांनी चांदीला काढलं. हाक मारली की धावत येणारी लाडकी चांदी दोन्ही वेतांत पिलांना लाथा मारत होती. खाटकाच्या टेम्पोत चढतानाही ती सासूबाईंचा हात चाटत होती.

मी तान्ह्या लेकीला घेऊन दारात उभी होते. माझं दूध तिला पुरत नव्हतं.

“आई, अजून एक वेत बघायचं होतं तिचं,” मी म्हणाले.

“मागच्या वेळी तेच केलं. पिलं गेली उपाशी,” त्या म्हणाल्या. “आणि अशा शेळीच्या पोटच्या पाटीही मोठ्या झाल्या की तशाच निघतात गं.”

त्यांचं खरं होतं. एकीवर केलेली दया पुढे कितीतरी पिलांना भोवते, आणि कळप चांगला राहायचा तर कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. कळत होतं, तरी माझे डोळे भरून आले.

सासूबाईंनी ते पाहिलं. हात धुऊन त्यांनी लेकीला माझ्याकडून घेतलं आणि वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजायला बसल्या.

“तू माणूस आहेस. जा, जरा पड,” त्या म्हणाल्या.

लेक पोटभर पिऊन मांडीवर झोपली, तेव्हा कुठे त्या चांदीसाठी रडल्या.