वहिनीच्या नावावरची की

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ती गाडीवाल्यांना एकेक करून फोन लावत होती. डायलिसिसच्या रुग्णांना घरून दवाखान्यात नेणाऱ्या गाड्या कुठवर आल्या, हे तिनं बनवलेलं पान एरवी नकाशावर दाखवतं. आज नकाशाच्या जागी राखाडी चौकोन होता.

नकाशा एका कंपनीचा. नाव, फोन, वापराचं कारण देऊन नोंदणी केली, अटी मान्य केल्या की कंपनी एपीआय की देते. म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ. नकाशा मागताना ती दर वेळी दाखवायची. दिवसाला किती वेळा नकाशा मागता येईल याचा ठरलेला कोटा संपला की नकाशा बंद.

कंपनीच्या साइटवर तिनं वापर तपासला. जवळपास सगळ्या मागण्या एका पार्सलच्या ॲपमधून आल्या होत्या. ॲप तिच्या दिराचं. मध्यंतरी दोन महिने तो तिच्याच टेबलाशी बसून काम शिकला होता. की कोणत्या पानावरून किंवा ॲपमधून चालावी याला बंधन घालता येतं. तिनं ते पुढे ढकललं होतं. खाली कंपनीचा मेल होता: ही की दुसऱ्याच धंद्यात वापरली जात आहे, आज खुलासा करा, नाहीतर खातं बंद.

तेवढ्यात दीरच जिना उतरून आला. सासूबाई मागोमाग.

"वहिनी, तेवढा कोटा वाढवून घ्या. माझी पार्सलवाली पोरं रस्त्यात अडकलीत."

तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्यानं मेल वाचला. स्वतःच्या नावानं की का घेत नाही, असं तिनं विचारल्यावर तो म्हणाला, घेतली होती. अटी मोडल्या म्हणून कंपनीनं खातं बंद केलं.

"त्यांना लिहा, ॲप तुमचंच आहे. कोण बघायला येतंय?"

"म्हणजे पुढच्या वेळी माझंही खातं जाईल. माझ्या गाड्यांत आजारी माणसं असतात, भाऊजी. तुमच्याकडे खोकी."

"इतकी वर्षं नकाशाशिवाय जातच होती की ती माणसं."

सासूबाईंनी विचारलं, घरातल्या माणसानं एक ओळ वापरली तर हिचं काय झिजलं? तिनं नवी की काढली, ती फक्त आपल्या पानापुरती बांधली, जुनी रद्द केली. मग दीर शेजारी उभा असतानाच खुलासा लिहिला. त्यात त्याच्या ॲपचं नाव होतं आणि त्याचंही.

"आता एका ताटावर बसायची सोय ठेवली नाहीस," सासूबाई म्हणाल्या. दीर वर गेला आणि दार आपटलं.

तासाभरानं कंपनीचं उत्तर आलं: खातं चालू राहील. आजचा कोटा मात्र संपलेलाच होता. तिनं पुढचा गाडीवाला फोनवर घेतला.

कोटा रात्री बाराला नव्यानं सुरू होतो. उद्याची पहिली गाडी सहाला निघेल.