आधी त्यांचं म्हणणं

बाईंनी कॉलेजात एकोणतीस वर्षं धर्माचं तत्त्वज्ञान आणि त्याचा इतिहास शिकवला. देव आहे की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आहे म्हणणारे काय म्हणाले आणि नाही म्हणणारे काय म्हणाले, हे मात्र कुणीही कधीही विचारावं. त्यांची शिस्त एकच. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, तेही त्याला स्वतःला जमणार नाही इतकं चांगलं, आणि मग आपलं. त्यांच्या शास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. चष्म्याचं दुकान चालवणारे त्यांचे यजमान याला वेळखाऊपणा म्हणत.

घरात ही शिस्त फळली होती. लग्नानंतर नोकरीचं पत्र आलं तेव्हा सासूबाईंनी अबोला धरला. बाई भाजी निवडायला त्यांच्यासमोर बसल्या आणि सुनेनं नोकरी का करू नये, याची कारणं एकेक करून सांगू लागल्या. सासूबाईंना त्यातली दोनच सुचली होती. पाचव्या कारणाला त्या म्हणाल्या, "अगं, इतकं काही माझ्या मनात नव्हतं. जा तू." बाईंना आपली बाजू मांडावीच लागली नाही.

यंदा कॉलेजात बाईंचा विभाग बंद करायचं घाटत होतं. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, पुस्तकांची दोन कपाटं, बाई आणि सहा विद्यार्थी. बाजू मांडायला कॉलेजच्या समितीनं दहा मिनिटं दिली. निघताना यजमानांनी बाईंच्या चष्म्याची दांडी घट्ट करून दिली आणि बजावलं, आज आधी आपलं सांग, त्यांचं सांगायला ते बसलेत. बाईंनी मान डोलावली.

समितीसमोर उभ्या राहून बाईंनी विभाग का बंद करावा, ते सांगायला सुरुवात केली. विद्यार्थी कमी, हे एका वाक्यात आटोपलं. तो मुद्दा त्यांना उथळ वाटत होता. त्याऐवजी त्यांनी इतिहासातल्या दाखल्यांसह तीन भक्कम मुद्दे दिले. सचिव भराभर लिहून घेत होते. अध्यक्ष मान डोलावत होते. आता हे म्हणतील, इतकं काही आमच्या मनात नव्हतं, असं बाईंना वाटलं. दहाव्या मिनिटाला त्या "आता माझं म्हणणं" एवढं म्हणाल्या आणि चहा आला.

"मॅडम, आमचं काम सोपं केलंत," अध्यक्ष म्हणाले.

संध्याकाळी हे ऐकून यजमान दुकानातून आणलेल्या काचा पुसत बसले. सासूबाईंनी विचारलं, मग तुझं म्हणणं होतं तरी काय? बाईंनी सांगितलं. देवावरून माणसं आजवर कशी भांडली, हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. नाहीतर तीच भांडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. सांगायला मिनिटभरही लागलं नाही.

"चांगलं होतं की," सासूबाई म्हणाल्या. "पण वरमायला समोर माणूस लागतो. समिती कधी वरमते का?"

आठ दिवसांनी शिपाई आदेश घेऊन आला. त्यात बाईंचे तिन्ही मुद्दे जसेच्या तसे होते, फक्त दुसऱ्या मुद्द्यात शतक चुकलं होतं. बाईंनी पेन्सिलीनं ते दुरुस्त केलं आणि कागद सही न करताच परत दिला. त्यांचं म्हणणं आधी नीट लिहून आणा, मग घेते, म्हणाल्या.

नवी प्रत टाइप होऊन यायला तीन आठवडे लागले. तोवर विभाग चालू होता. बाईंनी राहिलेला भाग शिकवून पुरा केला.