दहा नंबरचे चौघे, एक नंबरचा एकटा

आमच्या कॉलेजात समित्या वाटायची एक पद्धत आहे. वर्षाच्या पहिल्या बैठकीला जो उशिरा येईल, त्याच्या गळ्यात उरलेली समिती. त्यामुळे वर्षभर कधी वेळेवर न येणारे प्राध्यापकही त्या दिवशी दहा मिनिटं आधी येऊन बसतात. मीही वेळेवरच निघालो होतो, पण वाटेत गाडी पंक्चर झाली. पोहोचलो तर टाळ्या चाललेल्या. मला वाटलं, कुणाचा तरी सत्कार आहे. मीही चार टाळ्या वाजवल्या. शेजारचे म्हणाले, "अभिनंदन. क्रीडा समिती."

आमचे क्रीडा संचालक आदल्या वर्षी निवृत्त झाले होते आणि जागा रिकामी होती. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. मैदानाशी माझा संबंध इतकाच, की त्याच्या कडेला माजलेलं गाजरगवत दाखवायला मी मुलांना तिथं नेतो. पण दोष माझाही होता. वर्ल्डकपच्या दिवसांत मी स्टाफरूममध्ये चहाचे कप मांडून सगळ्यांना ऑफसाइड समजावून सांगितला होता. तो साफ चुकीचा होता, हे मला फार पुढं कळलं. तोवर प्राचार्यांच्या मनात 'सरांना फुटबॉलमधलं कळतं' हे घट्ट बसलं होतं.

आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ आहे, हे तालुक्यात पुष्कळांना माहीत नाही. कबड्डीला माणसं झाडावर चढून बसतात. फुटबॉलला झाडाखाली मी एकटा. मैदान काळ्या मातीचं. पावसात चेंडू रुततो आणि दिवाळीनंतर भेगांत पाय अडकतो. तरी पोरं रोज साडेचारला जमायची.

मी मन लावून काम केलं, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढचा घोटाळा मन लावल्यामुळेच झाला. एक कोरी वही घेतली. प्रत्येक खेळाडूला एक पान. मला लांबचे चेहरे ओळखू येत नाहीत, पण पाठीवरचा आकडा दिसतो. म्हणून पानांवर आकडे टाकले, एक ते अकरा. आमच्या विषयात अशीच शिस्त असते. वाळवलेल्या रोपाला कागदावर चिकटवून एकदा नंबर दिला की काम संपलं. ते रोप तो नंबर उतरवून शेजारच्याला देत नाही.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमचे चार सामने झाले. परभणीला हरलो, सेलूला हरलो, मानवतला जास्त हरलो. चौथा जिंकलो, कारण समोरच्या संघाची गाडी वाटेत बंद पडली आणि ते आलेच नाहीत. आमची पोरं अर्धा तास मैदानावर रांगेत उभी राहिली. मी त्याचीही नोंद घेतली : 'या सामन्यात संघ शिस्तबद्ध वाटला.'

हंगाम संपल्यावर प्राचार्यांनी बोलावलं. ते रसायनशास्त्राचे. कुठल्याही गोष्टीत नेमका कोणता घटक बिघडला, हे त्यांना लागतं.

"संस्थेत विचारायलेत, हा संघ ठेवायचा कशाला," ते म्हणाले. "मला ठेवायचाय. पण काहीतरी सुधारणा दाखवावी लागेल. प्रत्येक खेळाडूचं मूल्यमापन करा. जो कमी पडला त्याला काढू, नवा घेऊ. सोमवारी पोरांसमोरच वाचा."

रविवारभर मी अहवाल लिहिला. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली तर म्हटलं, विश्लेषण चाललंय. आजही तो अहवाल वाचला की कान गरम होतात. एक नमुना देतो. 'क्रमांक सात : सेलू येथे उजव्या पायाने व मानवत येथे डाव्या पायाने खेळला. दोन्ही पायांनी खेळण्याची दुर्मीळ क्षमता.' आणि 'क्रमांक दहा : अत्यंत विसंगत. परभणीत वेगवान, सेलूत संथ, मानवतला आपण कोणत्या खेळात आहोत याची कल्पना नसल्यासारखा. घरी काही अडचण आहे का, पाहावे.'

असे दहा जण बरे-वाईट मिळून मध्यम ठरले. नक्की वाईट असं एकच पान निघालं. क्रमांक एक, गोलकीपर. सगळे गोल त्याच्यातूनच गेलेले. मी लिहिलं, 'संघाच्या अपयशास क्रमांक एकची उणीव प्रामुख्याने कारणीभूत. बदल आवश्यक.'

सोमवारी सकाळी मोठ्या बाबूंनी अहवालावर जावक क्रमांक टाकला. एकदा जावक क्रमांक पडला की आमच्या कार्यालयात ते ब्रह्मवाक्य. फाडता येत नाही, गिळता येत नाही.

दुपारी प्रयोगशाळेत पोरं स्टुलांवर बसली. प्राचार्य टेबलाशी. मी चष्मा पुसून सुरुवात केली. सातच्या दुर्मीळ क्षमतेपाशी मागं कुणीतरी खोकलं. मी दुर्लक्ष केलं. मग म्हणालो, "क्रमांक दहा, उभा राहा."

चौघं उभे राहिले.

मला वाटलं, चेष्टा चाललीय. "दहा नंबर कोण तुमच्यात?"

"परभणीला मी, सर."

"सेलूत मी व्हतो."

"मानवतला माझी पाळी व्हती."

चौथा मान खाली घालून म्हणाला, "सर, मी त्या न झालेल्या मॅचला. पण घातला व्हता अंगात."

कर्णधार उठला. आमच्या गावातल्या सायकलच्या दुकानदाराचा मुलगा, बोलणं दखनी. "सर, दस नंबर सबको होना था. झगडे होने लगे तो बारी लगा दिए. हर मॅच को अलग. फिर सात की भी लगाए, नौ की भी."

"अन् मला कुणी सांगितलं का नाही?"

"सर, हर मॅच को नाम-नंबर की लिस्ट लिखके देते थे आपको. आप साइन करते थे ना."

करत होतो. चारही याद्यांवर माझी सही होती, तारखेसकट, खाली ठळक शिक्का. न वाचता सही करायची माझी सवय स्टाफरूममध्ये प्रसिद्ध आहे. रजेच्या अर्जांवर भराभर सह्या करताना एकदा मी स्वतःचीच रजा नामंजूर केलेली आहे. प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीकडं पाहिलं. एका पानावर चार-चार माणसं राहत होती आणि मी त्यांची सरासरी काढून बसलो होतो.

"म्हणजे हे सगळं रद्द?" प्राचार्य म्हणाले.

"तसंच म्हणावं लागेल."

"एक नंबर?"

शेवटच्या स्टुलावरून गोलकीपर उठला. जिंतूर रस्त्यावरच्या एका खेड्यातून एसटीनं येणारा, हाडापेरानं मोठा, बोलायला कमी. साडेचारची गाडी सोडून सरावाला थांबायचा आणि पुढच्या गाडीनं उभ्यानं जायचा. त्याला हातमोजे कॉलेजनं दिले नव्हते. थंडीत मोटारसायकलवर घालायचे मोजे तो वापरायचा. बीएच्या दुसऱ्या वर्षाला होता, म्हणजे खेळायला एकच हंगाम उरलेला.

"एक नंबर कुणालाच नको व्हता, सर," तो म्हणाला. "म्हणून तेवढा माझ्याकडंच ऱ्हायला."

प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, एक तरी पान नक्की निघालं. तेवढी एक सुधारणा तर दाखवता येते."

आणि बैठक संपली. माझ्या अख्ख्या वहीत खरं असलेलं एकच पान, आणि त्यानंच पोराचा गळा धरला. बाकीचे दहा जण एकमेकांच्या आकड्यांआड सुखरूप होते. पाळीत न पडलेला तेवढा सापडला. स्टुलं जाग्यावर लावताना मला हे दिसत होतं, पण प्राचार्य निघून गेले होते आणि अहवालावर जावक क्रमांक होता.

गोलकीपर दारात थांबला होता. हातात जर्सीची पिशवी.

"सर, जर्सी धुऊन आणू का तशीच देऊ?"

मी काहीतरी बोललो; 'बघू, घाई नको' वगैरे. तो म्हणाला, "बघायचंच आसंल तर एकदा तिथं उभं ऱ्हाऊन बघा सर. झाडाखालून वेगळं दिसतंय."

टोमणा होता की विनंती, मला कळलं नाही. मी भरात येऊन म्हणालो, "उद्याच उभा राहतो." शब्द तोंडातून गेला की मला तो नेहमी शहाणपणाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी साडेचारपर्यंत वाटतो.

दुसऱ्या दिवशी मी मुलाची खेळायची पँट घालून गेलो. ती कमरेत बसली, बाकी कुठं बसली नाही. गोलकीपरनं मोजे दिले, हातात चढवून दिले, आणि खांबाजवळ उभा राहिला. समोर कबड्डीची पोरं बोलावून उभी केली होती. मी आमच्या पोरांना सांगितलं, "मानवतला खेळलात तसंच खेळा. माझी काळजी करू नका." ही सूचना त्यांनी शब्दशः पाळली. दहा नंबरची जर्सी पाळीप्रमाणं पाचव्या एकाला मिळाली. तो एरवी बचावाला खेळणारा, माझ्या पुढ्यात उभा राहणारा. जर्सी अंगात चढली तसा तो समोरच्या गोलाकडं जो निघाला, तो मागं वळून बघेना.

"हा कुठं चालला?" मी विचारलं.

"आज त्याची पाळी हाय सर. ज्याच्या अंगावर दहा, त्यानं गोल मारायचा. पुन्हा पाळी कवा यायची?"

"अन् त्याची जागा?"

"मोकळी."

त्याच्या मागं सात नंबर गेला, मग नऊ. झाडाखालून मला हे कायम 'जोशपूर्ण आक्रमण' दिसलं होतं. वहीत तसं लिहिलेलंही होतं. इथून दिसत होत्या नुसत्या पाठी. पाठींच्या पलीकडं चेंडू हरवला, आणि तिकडून समोरचे चौघं मोकळ्या शेतातून यावेत तसे माझ्याकडं यायला लागले. माझ्या आणि त्यांच्यामध्ये फक्त भेगा होत्या.

"आता?" मी ओरडलो.

"आता तुमी!" खांबाजवळून उत्तर आलं.

पहिला गोल मी पाहिलाच नाही. दुसऱ्याला उडी मारली, पण उलट्या बाजूला. तिसरा चेंडू सरळ पोटात बसला, मी मटकन खाली बसलो आणि चेंडू माझ्या मांडीवर राहिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. उठताना पँटचा टर्रकन आवाज आला, त्यामुळे विश्लेषण तिथंच थांबवावं लागलं.

पण जेवढं बघायचं तेवढं बघून झालं होतं. दर सामन्याला नवा दहा, नवा सात, नवा नऊ. म्हणजे दर सामन्याला पाठीमागं नवीन जागी भोक. कधी डावीकडं, कधी मध्ये. ते भोक कुठं पडणार, हे फक्त एकालाच उभं राहून पाहावं लागत होतं, आणि तो ते कुणाला सांगत नव्हता. पाळी न मागणाऱ्यानं इतरांच्या पाळीवर काय बोलायचं, असं त्याला वाटत असावं. मी कमरेला रुमाल गुंडाळून तसाच कार्यालयात गेलो.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. रुमालाबद्दल विचारलं नाही, ही त्यांची सभ्यता. "म्हणजे घटक एक नाहीच," ते म्हणाले, "मिश्रणच चुकलंय." मग मोठ्या बाबूंकडं वळून, "तो अहवाल परत घ्या."

"जावक पडलंय साहेब," मोठे बाबू नजर न उचलता म्हणाले. "परत न्हाई घेता येत. शुद्धिपत्रक काढा पाहिजे तर."

मी तिथंच उभ्यानं, बसणं शक्य नसल्यामुळे, शुद्धिपत्रक लिहिलं. पुढच्या हंगामापासून प्रत्येकाला वर्षभर एकच आकडा, चिठ्ठ्या टाकून. दहा नंबरला कुणाचीही पाळी नाही. संघातून कुणाला काढू नये. याद्या वाचूनच सही करावी. आणि शेवटी : 'मूळ अहवालात जिथे जिथे "क्रमांक एकची उणीव" असे छापले आहे, तिथे "अहवाल लिहिणाऱ्याची उणीव" असे वाचावे.'

मोठ्या बाबूंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "हे असंच टाकू?"

"असंच टाका."

प्राचार्यांनी सही केली. वाचून केली, मी लक्ष ठेवून होतो. संस्थेत ते काय बोलले कुणास ठाऊक, पण संघ राहिला.

शुद्धिपत्रक फळ्यावर लागलं त्या संध्याकाळी गोलकीपर त्याच्यासमोर उभा होता. पाठीला पिशवी, पिशवीत जर्सी, न धुतलेली. तो सावकाश, बोट ठेवून वाचत होता. मी मागून गेलो तशी त्यानं मान वळवली.

"सर, ह्यात एक ऱ्हायलंय."

म्हटलं, आता काय?

"तुमी एक अडवला की, पोटानं. ते लिहायला पायजे व्हतं."

आणि पुढची गाडी लागली होती म्हणून तो पळाला.