तिसरा अर्थ

कारखान्यात त्याला सगळे धाकटा म्हणायचे. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटेपण काही सुटलं नाही. ज्याच्यामुळे तो धाकटा होता तो दादा याच कारखान्यात, आंबवणीच्या खोलीतल्या टोकाच्या टाकीत गेला. माणूस जातो, पण त्याच्यामुळे पडलेलं नाव मागे चिकटून राहतं.

कारखाना बिअरचा. पाहुण्यांना तो फिरवून दाखवायचा हे धाकट्याचं काम, आणि त्याआधी दादाचं. दादाला शब्दांचा भारी नाद. पानात काय वाढलंय यापेक्षा त्याचं नाव कुठून आलं याचीच त्याला जास्त पंचाईत. पाहुण्यांना तो जव भिजवायचे हौद दाखवी, हॉप्सची कडू फुलं चुरडून नाकाशी धरी, आणि शेवटी टोकाच्या टाकीला टेकून ‘बिअर’ या शब्दाची कुळकथा सांगे.

“काही पंडित म्हणतात, हा शब्द लॅटिनमधल्या ‘पिणे’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे पहिला अर्थ, नुसतं पेय. दुसरे म्हणतात, छे! जवाच्या जुन्या नावावरून आला. म्हणजे दुसरा अर्थ, जवाचं पेय. दोघंही आपलंच घोडं पुढे दामटतात, आणि खरं काय ते कोणालाच नक्की ठाऊक नाही. पण मंडळी, तिसरा अर्थ...”

हा तिसरा अर्थ त्यानं त्या दिवशीच गोष्टीला नव्यानं जोडला होता. इथवर आला आणि वाकून बघणाऱ्या एका पाहुण्याची टोपी टाकीत पडली. टाकी नुकतीच रिकामी केलेली. बिअर आंबताना जड वायू सुटतो, तो तळाशी साचून राहतो आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून उतरण्याआधी दोरीनं दिवा सोडायचा आणि दिवा विझला तर आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम दादानंच सगळ्यांना शिकवलेला. पण गोष्ट रंगात आली होती. “आलोच,” म्हणाला आणि शिडी उतरला.

धाकटा घोळक्याच्या मागे उभा होता. तो धावला, पण चौघांनी त्याला धरून ठेवलं, नाहीतर त्या घरातले दोन दिवे एकदम मालवले असते. दुसऱ्याची टोपी वर काढायला गेलेला माणूस! धाकट्याला पुढे कितीतरी वर्षं टोपी घातलेल्या माणसाशी धड बोलता येईना.

दादाची जागा त्याला मिळाली. दादाची गोष्टही तो शब्दाला शब्द सांगू लागला. दोघा भावांचा आवाज इतका सारखा, की लहानपणी आईसुद्धा फसायची. “पण मंडळी, तिसरा अर्थ...” इथे आला की तो थांबे. पाहुण्यांना वाटे, ही काहीतरी युक्ती. तो मात्र खरंच वाट बघत असे. टाकीच्या पोटातून “अर्थ... अर्थ...” असा आवाज परत येई, हुबेहूब दादाचा. हा आपलाच आवाज हे त्याला कळत होतं, पण कळून काय उपयोग? दादा वाक्याच्या मधेच अडकलाय, ते पुरं झाल्याशिवाय तो काही वर येत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

त्यानं शोधायला काही कमी केलं नाही. एका जाड शब्दकोशात सापडलं, की पूर्वी एका मुलखात कडू फुलं पडली तर बिअर आणि नाही पडली तर ‘एल’ असा भेद होता. धाकटा हरखून टाकीपाशी गेला आणि ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. टाकी तेवढंच परत म्हणाली. दादा असला कोरडा शेवट करणारा माणूसच नव्हता.

आता विचाराल, वहिनीला का नाही विचारलं? तिच्यासमोर टाकीचं नाव कोण काढणार! आधीच जळलेल्या जिवाला आणखी डागण्या नकोत, म्हणून दादा कुठल्या शब्दावर थांबला हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. शिवाय धाकटा घरी गेला की ती पाठ करून भांडी घासत बसे. तो बोलायला लागला की नळ जोरात सोडी. वहिनीचा आपल्यावर राग आहे, आपण भावाला वाचवलं नाही म्हणून, असं त्यानं धरून ठेवलं होतं आणि हळूहळू जाणंच कमी केलं होतं.

मग कारखान्यानं जुन्या टाक्या कापायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी पाहुण्यांच्या घोळक्यात वहिनी उभी. धाकटा घोळक्यातून वाट काढत तिच्याकडे गेला.

“वहिनी, तुम्ही? इथं?”

“तुमचा आवाज ऐकायला आले, भावजी. घरी ऐकवत नाही मला. वाटतं, हेच आले. आज इथं एकदा ऐकते आणि मोकळी होते. सांगा तुम्ही.”

म्हणजे राग नव्हताच. धाकट्याला हसावं की रडावं कळेना. त्यानं सांगायला सुरुवात केली. वहिनी डोळे मिटून टाकीच्या पत्र्यावर हात ठेवून उभी होती. पहिला अर्थ झाला, दुसरा झाला. “पण मंडळी, तिसरा अर्थ...” आणि तो थांबला.

“थांबलात का?” वहिनीनं डोळे उघडले.

“दादा इथंच थांबला होता, वहिनी. पुढचं मला माहीत नाही.”

“अहो, मग मला विचारायचं नाही का? रोज माझ्यापुढेच तर घोकायचे!” तिनं टाकीत वाकून, दादाच्या हेलात, एका दमात म्हटलं, “तिसरा अर्थ आमच्या घरचा. इथं काम निघालं की मी घरी फोन करतो, ‘बिअर’ एवढंच म्हणतो आणि ठेवून देतो. बायकोला अर्थ बरोबर कळतो. आज मला उशीर आहे, वाट बघू नकोस, जेवून घे!”

पाहुणे खो खो हसले. त्यांना काय माहीत! टाकीतून “जेवून घे... जेवून घे...” असं परत आलं, आणि या खेपेला तो आवाज दादाचा नव्हता, वहिनीचा होता. धाकटा शिडीच्या दांड्याला धरून लहान मुलासारखा रडला. वहिनी मात्र तशीच टाकीत वाकून राहिली होती. आपण काय बोललो ते तिला आत्ता ऐकू आलं होतं.

दादा गेल्यापासून ती रोज उशिरापर्यंत बिनजेवती बसायची. भूकच लागत नाही, म्हणायची.

त्या दिवशी घरी आल्या आल्या तिनं हातपाय धुतले आणि दोन ताटं घेतली. बाहेर अजून चांगला उजेड होता. धाकट्याच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून ती बसली आणि तिनं पहिला घास घेतला.

“बोला, भावजी,” ती म्हणाली. “काहीही बोला.”