लॉर्डांच्या बायका

इथे परदेशात, पासिर रिसला, माझ्या मुलाच्या इमारतीखालच्या बाकावर एक म्हातारा स्कॉटिश गोरा रोज भेटतो. आसामच्या चहामळ्यावर होता, म्हणून मोडकंतोडकं हिंदी बोलतो. मांडीवर घराण्याची वंशावळ. बोट फिरवत सांगतो, “ये तीसरा लॉर्ड, लडाई में मरा. ये चौथा, पागल.” लॉर्ड हा किताब बापाकडून मुलाकडे जातो म्हणे. लॉर्डांच्या शेजारी बायकांच्या जागा मात्र कोऱ्या.

एकदा मी डाफरलोच, “औरत लोग को नाम नहीं था क्या?”

तो ओशाळला. पेन काढून म्हणाला, “तुम्हारी बीवी का नाम?”

ती जाऊन वर्ष झालं. चाळीस वर्षं ‘अगं’वरच भागवलं, नाव कधी घेतलंच नाही.

“अनसूया,” मी पुटपुटलो.

“फिर बोलो.”

मोठ्यानं बोललो. त्यानं लॉर्डांच्या कागदावर कडेला जपून लिहिलं. ऐकायला ती हवी होती.