जखमीची तब्येत

वर्तमानपत्र हा समाजाचा आरसा असतो, असं चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर लिहिलं होतं. त्या भिंतीला टेकून एक निवृत्त रेल्वे कारकून दोन तमिळ पेपर पसरून बसत. जवळच्या कारखान्यातल्या एका मुलीवर बलात्कार झाला होता. सत्ताधाऱ्यांच्या पेपरात तो विरोधकांचा कट होता, विरोधकांच्या पेपरात सरकारची नालायकी.

"आमच्या रेल्वेत अपघाताच्या रिपोर्टात 'जखमीची तब्येत' असा रकाना होता हो," ते तंजावरी मराठीच्या हेलात म्हणाले. "त्या पोरीला बरं आहे का, हे कोणीच लिहीत नाही."

आठवडाभर त्यांचं बोट दोन्ही पेपरांत तेवढंच शोधत फिरलं.

"सापडलं का, मामा?" मी विचारायचो.

"इल्लै, नाही. उद्या येईल."

आठव्या दिवशी दोन्ही पेपरांचं एकमत झालं. दोन्हींत बातमीच्या जागी टी. नगरच्या साड्यांच्या सेलची जाहिरात होती.